राजसी, जंगली आणि मामांचं झाड

"जंगली फुलात आणि तुमच्या फुलात फरक काय?" मी जमेल तेवढा जाड आवाज काढून विचारलं.

"फरक?" मामा आरामखुर्चीत ताठ बसले. "जंगलीच्या पाकळीवर ठिपके असतात. माझ्या फुलावर एकही ठिपका नाही. पांढरंशुभ्र. रंग फक्त ओठाला, तोही टोकालाच."

"किती रंग?"

"तुझी सासू जेवण झाल्यावर विडा खायची. तासाभरानं ओठांच्या टोकाला जो रंग उरायचा ना, तेवढा."

"परीक्षकांना माझ्या सासूबाईंचे ओठ माहीत नाहीत, मामा."

"तुला लाज आहे का गं काही?" असं म्हणून मामा जे हसायला लागले, ते खोकला येईपर्यंत.

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. बळवंतराव देसाई, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. आजऱ्याच्या बाहेर, रानाला लागून त्यांचं घर होतं आणि घरामागे हिरव्या जाळीखाली टोपल्यांतून टांगलेली त्यांची आमरी. शहरात ऑर्किड म्हणतात ती. त्यातल्या त्यात त्यांचा जीव सीतेच्या वेणीवर. आमच्या भागात आंब्या-फणसाच्या खोडावर ती आपोआप वाढते आणि मे महिन्यात तिच्या फुलांच्या वेण्या खाली लोंबतात. मी लग्न होऊन मार्गशीर्षात त्या घरात आले, म्हणजे फुलांचा हंगाम मी अजून पाहिलाच नव्हता. मला ती सगळी झाडं एकसारखीच दिसायची. जाड, पट्ट्यासारखी पानं आणि हवेत लोंबणारी मुळं. याच्यासाठी एवढा उपद्व्याप कशाला, असं मी एकदा तोंडावर म्हणालेही होते.

माझं तोंड पहिल्यापासून असंच. माहेरी कागलला आई म्हणायची, "या पोरीच्या जिभेला हाड नाही, सासरी दोन दिवस टिकायची नाही." सासरी सासूबाई नव्हत्या, त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा, म्हणजे अविनाश, कोल्हापुरात कारखान्यात नोकरीला. तो दर रविवारी यायचा. उरलेला आठवडाभर मी, मामा आणि ती लोंबत्या मुळांची झाडं. कोल्हापुरात दोन खोल्यांचं घर बघून ठेवलं होतं. मला तिकडे जायची कोण घाई झाली होती! नवीन लग्न झालेली मुलगी मी, मला काय रानात बसून काढायचं होतं का आयुष्य?

पण मामा हलायला तयार नव्हते आणि त्यांना एकटं सोडता येत नव्हतं, कारण त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. जे गेलं ते परत येणार नाही आणि उरलेलंही हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मामा म्हणायचे, "जरा धुरकट दिसतं, एवढंच." गुढीपाडव्याच्या दिवशी जेवताना बापलेकांचं चांगलंच जुंपलं. अविनाश म्हणाला, "आण्णा, डोळे पूर्ण जायची वाट बघायची का?" तेव्हा मामांनी हातातला घास खाली ठेवला.

"ज्या दिवशी माझी झाडं मला ओळखता येणार नाहीत, त्या दिवशी घराला कुलूप लावून तुझ्याबरोबर येतो. शब्द देतो. तोवर हा विषय काढायचा नाही."

विषय बंद झाला. मी मनातल्या मनात म्हटलं, म्हणजे दिवाळीपर्यंत थांबायचं.

मामांना मात्र त्याआधी एक काम उरकायचं होतं. सीतेच्या वेणीच्या नाव असलेल्या काही जाती आहेत. म्हणजे कुणाला तरी फार सुंदर फुलाचं एक झाड सापडतं, त्याला नाव मिळतं, आणि मग त्याच झाडाचे फुटवे काढून काढून लोक ते वाढवतात. आमच्या भागात 'राजसी' नावाची एक होती. मामा सांगायचे, "गावोगावच्या सगळ्या राजसी म्हणजे मुळात एकच झाड. तिचं बी लावलंस की जे उगवेल ते वेगळं. त्याला तिचं नाव लावायचं नाही." मामांनी राजसीवर जंगली झाडाचा पराग घालून बी धरलं होतं. ते धुळीसारखं बी आंब्याच्या सालीवर भुरभुरलं, आणि सहा-सात वर्षांनी त्यातलं एक झाड असं फुललं की मामा दिवसभर जेवले नाहीत म्हणे. तेव्हा त्यांचे डोळे चांगले होते. पुढच्या वर्षी ते पुन्हा पाहिलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी गारपिटीनं कळ्या झडल्या.

त्या झाडाला त्यांना सासूबाईंचं नाव द्यायचं होतं, भागीरथी. कोल्हापूरच्या आमरीवाल्यांच्या मंडळाचा नियम असा होता की नवीन नाव हवं असेल तर मे महिन्याच्या प्रदर्शनात तीन झाडं शेजारी शेजारी मांडायची: एक जंगली, एक आधीच नाव मिळालेलं आणि एक आपलं. मग परीक्षकांसमोर मालकानं तोंडी फरक सांगायचा. आमचं जंगली झाड कुणी रानातून ओरबाडून आणलं नव्हतं. रस्ता रुंद करताना आंबा तोडला, त्याच्या फांदीवरचं मामांनी उचलून आणलं होतं.

"यंदा दिसतंय तोवर नाव लागलं पाहिजे," मामा म्हणायचे. "एकदा डोळे भरून बघतो. मग अंधार झाला तर झाला."

म्हणून रोज संध्याकाळी ओसरीवर आमची ही परीक्षा चालायची. फुलं मात्र मी पाहिलेली नव्हती. मधमाशी बसली की वेणी दोन दिवसांत सुकते, म्हणून कळ्या टपोऱ्या झाल्या तेव्हाच मामांनी तिन्ही वेण्यांना मलमलीच्या पिशव्या चढवल्या होत्या. मी दोनदा पिशवीला हात घातला आणि दोनदा ओरडा खाल्ला.

प्रदर्शनाच्या रविवारी पहाटेच अविनाश मित्राची जीप घेऊन आला. वाटेत मामा मागच्या सीटवर टोपल्या मांडीशी धरून बसले होते आणि तोंडानं पाठ म्हणत होते. कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात प्रदर्शन होतं. आम्हाला खिडकीजवळचं टेबल मिळालं. अविनाश जीप लावून चहाला गेला. "शैला, आज तरी तोंड सांभाळ हं. मोठी माणसं येणारेत," हे सांगायला विसरला नाही.

"सोड आता पिशव्या," मामा म्हणाले. "हळू. आधी राजसी."

राजसीची पिशवी सोडली आणि मी 'अगं बाई!' म्हणाले. गर्द गुलाबी ठिपक्यांची, मनगटाएवढी जाड वेणी होती. एकाला एक लागून फुलं, दांडी कुठे दिसेना. मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस कशापायी वेडा झालाय.

"आता माझं."

मामांच्या झाडाच्या टोपलीला अॅल्युमिनियमची पट्टी होती, तिच्यावर त्यांच्या हातचं 'ब. दे.' कोरलेलं. मी पिशवी ओढली. फुलं लहान होती, विरळ होती, आणि प्रत्येक पाकळीवर ठिपकेच ठिपके. ओठ तर सगळाच्या सगळा गुलाबी. मी पुन्हा पट्टी वाचली. मग मामांचं न ऐकता तिसरी पिशवी सोडली. तिच्या पट्टीवर 'जंगली' होतं.

पांढरीशुभ्र वेणी खाली उतरली. एक ठिपका नव्हता. प्रत्येक फुलाच्या ओठाला टोकाशी तेवढा रंग, विडा खाऊन तासभर झाल्यासारखा. मी सासूबाईंना कधी पाहिलं नव्हतं, पण ती त्यांचीच वेणी होती हे सांगायला मला कुणी लागलं नाही.

मामा मधल्या टोपलीकडे, त्या ठिपकेवाल्या फुलांकडे तोंड करून उभे होते. डोळे बारीक केले होते आणि चेहरा उजळला होता.

"बघितलंस? कशी आहे?"

कोल्हापूरची दोन खोल्यांची जागा, संध्याकाळचा बाजार, नवरा, सगळं माझ्यासमोर होतं. अविनाशला हाक मारून एवढंच म्हणायचं होतं, "बघा, यांना झाड ओळखता आलं नाही." खरं सांगते, तो विचार आला आणि मला त्याची किळस आली. त्या क्षणी मला कोल्हापूर नको होतं. त्या म्हाताऱ्याच्या तोंडावरचं हसू टिकावं एवढंच हवं होतं.

मी दोन्ही पट्ट्यांच्या तारांना हात घातला. अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण पट्टी टोपलीवर वाजली.

"पट्टीला का हात लावतेस?" मामांनी विचारलं. मी गप्पच. "शैला, तू गप्प बसलीस म्हणजे काहीतरी भलतंच झालंय. बोल."

मी त्यांच्या कानाशी गेले. "मामा, पट्ट्यांची अदलाबदल झालीय. तुमच्या झाडाला जंगलीची आहे आणि जंगलीला तुमची."

मामांनी हात पुढे करून टेबलाची कड धरली. मग म्हणाले, "वानरं."

"काय?"

"तू संक्रांतीला माहेरी होतीस. वानरांचा कळप जाळी फाडून आत शिरला होता. टोपल्या खाली, पट्ट्या सगळीकडे. मीच परत बांधल्या." ते थांबले. "वाटलं, पानांवरून ओळखीन. गड्याला विचारलं असतं तर अविनाशच्या कानावर गेलं असतं ना, म्हातारा आंधळा झाला म्हणून."

"झालं ते झालं. मी आत्ता बदलते. कुणाला कळायचं नाही. हे पण आले नाहीत अजून."

"नको."

"अहो मामा, खरं तेच तर करतोय आपण! खोटं कुठाय यात?"

"मोजणीत हद्दीचा दगड सरकलेला दिसला, तर मोजणीदारानं तो एकट्यानं हलवायचा नसतो," मामा म्हणाले. "खरी जागा माहीत असली तरी नाही. पंच बोलवायचे, चारचौघांत सांगायचं, मग हलवायचा. नाहीतर बरोबर जागी ठेवलेला दगडसुद्धा चोरीचा. उभी हयात मी हे लोकांना सांगितलं, आता माझ्याच झाडाला सवलत देऊ?"

"मग घराला कुलूप लागेल!"

"लागू दे."

मला रडू यायला लागलं आणि रागही आला. एवढा कसला ताठा या माणसाला, असं वाटलं. तेवढ्यात एका बाजूनं परीक्षक आले आणि दुसऱ्या बाजूनं चहाचा कप घेऊन अविनाश.

परीक्षकांत प्राध्यापक हेरवाडकर म्हणून एक उंच, हळू बोलणारे गृहस्थ होते. मामांना ते बरीच वर्षं ओळखत होते. त्यांनी मधलं झाड पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं, आणि ते अवघडले.

"देसाई, राग मानू नका. पण तुमच्या झाडात आणि रानातल्या झाडात मला काही फरक दिसेना. मात्र हे जंगली तुम्हाला कुठं मिळालं हो? असलं जंगली मी जन्मात पाहिलेलं नाही!"

मामा हसले. अगदी मोकळेपणानं हसले. मग काठी टेबलाला टेकवून दोन्ही हात जोडले.

"हेरवाडकर, जे जंगली म्हणताय ते माझं. पट्ट्या मीच चुकीच्या बांधल्या, कारण मला दिसत नाही. धुरकट नव्हे, दिसतच नाही. उजवा डोळा गेलाय, डाव्यात उजेड-अंधार तेवढा कळतो. माझं झाड मला ओळखता आलं नाही. माझ्या सुनेनं ओळखलं." आणि मग अविनाशच्या दिशेनं मान वळवून, "अवि, तू आलायस ना? ऐकलंस ना?"

अविनाशच्या हातातला कप तसाच राहिला.

हेरवाडकरांनी इतर परीक्षकांशी कुजबुज केली. नियम नियमच होता. अर्जात जे झाड ज्या नावानं नोंदलं तेच तपासायचं, यंदा नाव देता येणार नव्हतं. पण ते जागचे हलले नाहीत.

"नाव नाही, पण फरक तर ऐकू द्या," ते म्हणाले. "सांगा, देसाई."

"मी डोळे होते तेव्हाचं सांगीन. आजचं ही सांगेल," मामा म्हणाले. "फक्त तिचं तोंड जरा सैल आहे, सांभाळून घ्या."

माझ्या त्याच तोंडापायी माहेरी मार खाल्ला होता, सासरी बोलणी खाल्ली होती. ते तोंड कुणाला हवंय असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी पदर खोचला आणि सुरू झाले.

"ही राजसी म्हणजे लग्नाला सगळे दागिने एकदम घालून आलेली बाई. देखणी आहे, पण नजर ठरत नाही. हे जंगली बघा. फुलं विरळ, मधून दांडी दिसते. कुठल्या फुलावर ठिपके जास्त, कुठल्यावर कमी, कुणाचा कुणाला पत्ता नाही. पण वास घ्या, वास याला आहे. राजसीला अजिबात नाही. आणि हे आमचं. दाटी राजसीची, वास जंगलीचा. थोडा कमी, पण आहे. ठिपका एकही नाही. रंग फक्त ओठाच्या टोकाला. आणि वरच्या फुलापासून खालच्या फुलापर्यंत तेवढाच, मी सगळी बघितली."

"वास?" मामा एकदम म्हणाले. "वास आहे त्याला?"

"आहे की! तुम्हाला माहीत नाही?"

"तेव्हा मी नुसता बघतच राहिलो होतो," मामा म्हणाले. त्यांनी खाली वाकून नाक वेणीजवळ नेलं आणि बराच वेळ तसेच राहिले.

"पुढच्या मे महिन्यात आणा," हेरवाडकर म्हणाले. "आणि सांगायला यांनाच आणा."

परतीच्या वाटेवर निपाणी मागे पडली. मग मामाच म्हणाले, "अवि, शब्द म्हणजे शब्द. पावसाच्या आत आवरून घेऊ. झाडं मंडळाला देऊन टाकू."

अविनाश हळूच "बरं, आण्णा" म्हणाला. त्यालाही आनंद झाला नव्हता. आणि मी, जी पाडव्यापासून या वाक्याची वाट बघत होते, ती पुढच्या सीटवरून गर्रकन वळले.

"काही आवरायचं नाही. झाडं ओळखली ना आज? मी ओळखली. घरातल्या माणसानं ओळखली म्हणजे घरानं ओळखली. शब्द मोडला कुठं?"

"अगं, तुलाच यायचं होतं ना कोल्हापूरला?" अविनाश म्हणाला.

"यायचंच आहे. पण पुढचा मे होऊ दे. कोल्हापूर काय पळून चाललंय?"

मागून मामांचा आवाज आला, "अवि, हिला समजाव."

"मी?" अविनाश म्हणाला. "आण्णा, तुम्ही बघताय ना कसं बोलते ती!"

"मी कुठलं बघतोय?" मामा म्हणाले, आणि आम्ही तिघंही एकदम हसलो. मला हसता हसता रडू फुटलं. अविनाशनं जीप बाजूला घेऊन थांबवली.

त्या वर्षात मामांनी मला जे दिलं त्याची परतफेड नाही. ते जाळीखाली खुर्ची टाकून बसायचे आणि मी एकेक झाड त्यांना सांगायची. मूळ हिरवं आहे का पांढरं, पानाच्या बगलेत फुगवटा आलाय का, कळी वर तोंड करतेय का खाली. "दिसतं ते सांग, वाटतं ते नको," एवढं एकच ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. गणपतीच्या सुमारास त्यांचा उजेडही गेला. पुढे अविनाशला गडहिंग्लजला नोकरी मिळाली आणि कोल्हापूरच्या खोल्या राहूनच गेल्या. आज मी स्वतः परीक्षक म्हणून गावोगाव जाते, लोक मला मॅडम म्हणतात. माझ्या फाटक्या तोंडाचं कुणी सोनं केलं असेल, तर त्या एका माणसानं. सकाळी जाळीत पाऊल टाकते तेव्हा मी आधी त्यांना हात जोडते.

तर, त्या पुढच्याच मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. तीच तीन झाडं, पट्ट्या बरोबर. मी फरक सांगितला आणि परीक्षकांनी मान डोलावली. 'भागीरथी' हे नाव हेरवाडकरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. मामांनी एका हातानं टोपी सारखी केली आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं.

प्रमाणपत्र लिहिणाऱ्या माणसानं विचारलं, "झाड कुणाचं? मालकाचं नाव सांगा."

"बळवंत..." मी सुरुवात केली.

"थांबा," मामा म्हणाले. "झाड ह्यांचं आहे. ह्यांचं नाव लिहा."

आमच्या घराण्यात सासऱ्यानं सुनेला अहो-जाहो केलेलं कुणी ऐकलेलं नाही. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. लिहिणारा पेन उघडून माझ्या नावासाठी थांबला होता. शेवटी मामांनीच सांगितलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, "सौ. शैलजा अविनाश देसाई."

त्यानं लिहून घेतलं. मग मामांकडे बघून विचारलं, "आणि आपण?"

"मी?" मामा म्हणाले. "मी ह्यांच्याबरोबर आलोय."